कागदांचं वाळवण

(चाळीसगावच्या एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय, 'आपत्ती, परदेशगमन आणि घराची तयारी'. मागच्या रांगेतल्या एका दादांनी मघाशी विचारलं, बाई, हे दोन विषय झाले ना? नाही दादा, एकच आहे. पाणी दारात आलं की माणूस जी पिशवी उचलायला धावतो आणि मुलगा परदेशी निघाला की सगळं घर जी पिशवी शोधत बसतं, ती एकच, घरच्या कागदांची. आज त्या पिशवीबद्दलच बोलायचंय.

खानदेशातल्या बाईला तयारी शिकवावी लागत नाही. उन्हाळा लागला की ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, कुरडया, शेवया. गच्चीवर खाटा, खाटांवर जुन्या साड्या, कावळे हाकलायला हातात काठी दिलेलं पोरगं. पावसाळ्यात आठ दिवस भाजी मिळाली नाही तरी घर अडत नाही. कुठल्या डब्यात काय, हे तिला अंधारातही सांगता येतं. आता तिलाच विचारा, घराचं खरेदीखत कुठंय? "ह्यांना ठाऊक." ह्यांना विचारा, तर म्हणतात, "असेल कपाटात." (हसू) हसलात, म्हणजे तुमच्याही घरी तसंच आहे.

३१ ऑगस्ट २०२१. या गावात त्या तारखेबद्दल मी काय सांगू? तितूर आणि डोंगरी या नद्या गावात शिरल्या, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. माझी धाकटी बहीण नदीच्या अंगाला राहते. तिच्या घरात कमरेएवढं पाणी. मी पाचोऱ्याहून तिसऱ्या दिवशी पोचले. पाहते तर पापडांचे डबे माळ्यावर, कोरडे ठणठणीत. आणि कागदं? कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, साड्यांच्या खाली. पापड वाचले आणि कागदं बुडाली. तेव्हापासून ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगते.

शेजारच्या काकूंनी मायेपोटी त्यांची कागदं कडक उन्हात टाकली होती. ती तडकली, कडा वळल्या, एकाला एक चिकटली. मी तीस वर्षं शाळेच्या कार्यालयात लिपिक होते. एकदा आमच्या दप्तरखान्याचं छत गळलं, तेव्हापासून हे काम मला येतं. आधी चिखल स्वच्छ पाण्यात हलक्या हातानं जाऊ द्यायचा, पण शाईनं लिहिलेल्या कागदाला पाणी लावायचं नाही. चिकटलेली पानं ओढायची नाहीत. मध्ये कोरे कागद घालायचे, ते ओले झाले की बदलायचे, आणि सावलीत, वाऱ्यावर सुकवायचं. दोन दिवस गेले की बुरशी धरते, म्हणून हात लवकर लावायचा. ज्या खाटांवर मे महिन्यात कुरडया वाळल्या, त्याच आम्ही पडवीत ओढल्या आणि सात-बारा, गुणपत्रिका, विम्याचे कागद मांडले. भाचा रात्रभर पंख्याशी बसून होता. छापील अक्षर टिकलं. शाईच्या पेनानं लिहिलेलं फुटून निळा डाग राहिला, आणि त्या डागात त्याचा जन्मदाखला होता.

झेरॉक्सच्या दुकानात हौसेनं लॅमिनेट करून घेतात, त्याबद्दलही सांगते. मूळ कागद लॅमिनेट करू नका. कडेनं पाणी शिरलं की चिखल आतच राहतो, आणि परदेशासाठी शिक्का मारायची वेळ आली की तो कागद परत करतात.

पुढच्या वर्षी भाचा शिकायला नेदरलँड्सला निघाला. तिथं पोचल्यावर नगरपालिकेत नोंद करावी लागते, तिला जन्मदाखला लागतो, आणि त्यावर अपोस्टिल हवं. अपोस्टिल म्हणजे, हा कागद खरा आहे, असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं दुसऱ्या देशाला सांगणं. १९६१ च्या हेग कराराची ही सोय भारताला २००५ पासून मिळाली. दाखल्याची नवी प्रत काढायला गेलो, तर बाळाच्या नावाची जागा कोरी. नोंद बारशाआधीची, नंतर नाव घालायला कोणी गेलंच नाही. घरातली प्रत हातानं लिहिलेली, तिच्यावर कुणीतरी मागाहून नाव टाकलं होतं, म्हणून चोवीस वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. नियमानं नाव पंधरा वर्षांच्या आत घालायचं असतं. मग प्रतिज्ञापत्रं, शाळेचा दाखला, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. एका साहेबांनी माझ्या बहिणीला विचारलं, "इतकी वर्षं झोपला होता का?" ती घरी येऊन रडली. पूर आला तेव्हा रडली नव्हती. अपोस्टिल हातात पडलं ते विमानाच्या चार दिवस आधी.

म्हणून सांगते, आज घरी गेल्यावर मुलांच्या जन्मदाखल्यावर नाव आहे का ते बघा. आईचं नाव कसं लिहिलंय, माहेरचं की सासरचं, तेही बघा. आणि १ जून! या सभागृहात १ जूनचे वाढदिवस किती? हात वर करा. (बरेच हात वर) गुरुजींना पोराचं वय सहा भरलेलं हवं होतं, आई सांगायची "पोळ्याच्या सुमारास झाला", मग रजिस्टरात १ जून. ती नोंद चुकीच्या हेतूनं झाली नाही, शाळेत पोर यावं म्हणून झाली. पण जन्मनोंद एक, शाळेचा दाखला दुसरा, पारपत्र तिसरं, असं झालं तर परदेशी कचेरीला पोळा कसा समजवायचा? तिन्ही कागद समोर ठेवून ताळा आत्ताच करा, व्हिसाची तारीख मिळाल्यावर नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागणार आहे, नातवंडांचं लगेच बघा.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं म्हणतायत. पिशवीत काय, ते भरभर सांगते.

मूळ कागद पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, माळ्यावर, पापडांच्या शेजारी. प्रती दुसऱ्या गावी, नातेवाइकाकडे. डिजिलॉकर, म्हणजे फोनमधलं सरकारी कागदांचं कपाट, तेही उघडा, पण फोन भिजतो, चार्जिंग संपतं, म्हणून कागद हवाच. पारपत्राची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने उरलेली ठेवा, बरेच देश तेवढी मागतात. औषधांची चिठ्ठी आतल्या मूळ औषधाच्या नावानं लिहून घ्या, आपलं ब्रँडचं नाव तिकडच्या दुकानदाराला कळत नाही. सुट्ट्या नोटा ठेवा, वीज गेली की एटीएमही जातं. पिण्याचं पाणी माणशी रोज तीन-चार लिटर. पाणी घरात यायच्या आत मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. ११२ आणि १०८ भिंतीवर मोठ्या अक्षरात.

परदेशी गेल्यावरही पिशवी लागते. १९९० ला कुवेतमधून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आणावे लागले. २०२२ ला युक्रेनमधली पोरं पाठीवर एक पिशवी घेऊन सीमेपर्यंत चालत गेली. मुलाला सांगा, पारपत्र अंगाशी, प्रत आपल्याकडे, आणि पोचल्यावर भारतीय दूतावासात नाव नोंदव.

मागे राहणाऱ्यांचं. मुलगा अनिवासी झाला की त्याचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यायचं. शेती त्याला वारशानं मिळते, विकत घेता येत नाही, हे शेतकऱ्यांनी आधीच ध्यानात घ्या. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, मृत्युपत्र वेगळं करा. नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार हवेतच. आणि हे सगळं कुठं ठेवलंय ते सुनेलाही ठाऊक असू द्या, फक्त 'ह्यांना' नको.

उद्या सकाळी दहाला मी याच वाचनालयात आहे. जुने दाखले, खरेदीखतं घेऊन या. अक्षर लागत नसेल तर वाचून देते, नावांचा ताळा करून देते. भिजलेलं काही असेल तर तेही आणा, पण पानं ओढू नका, तसंच आणा.