हात थरथरायच्या कितीतरी आधी

आप्पांचा चेक बँकेतून परत आला, सही जुळत नाही म्हणून. इतकी वर्षं तीच सही, पण आता अक्षरं शेवटाला जाता जाता मुंगीएवढी बारीक व्हायला लागली होती. आम्ही म्हटलं, वय झालं. निघाला पार्किन्सन्स, मेंदूचा आजार.

त्याच्याही आधीचं एकेक आता आठवतं. दारात मोगरा फुललेला असायचा आणि यांना वासच नाही, पोट साफ होत नाही म्हणून रोज रात्री चूर्ण, झोपेत असे ओरडायचे, हातपाय झाडायचे की आई शेवटी वेगळ्या खाटेवर झोपायला लागली. चालताना डावा हात हलायचा बंद झाला आणि आम्ही आपले खांदा शेकत बसलो. थरथर सगळ्यात शेवटी आली. काही पेशंटना तर ती कधीच येत नाही.

मेंदूत खोलवर डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी असतात, शरीराची हालचाल सुरळीत राहते ती या डोपामिनमुळे. पार्किन्सन्समध्ये त्या हळूहळू मरतात आणि हालचालीत फरक दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त, गेलेल्या असतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा जणांवरून हा आजार लिहून ठेवला, तरी तो मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. गोळ्यांनी हालचाल मात्र खरंच सुधारते.

आमची द्राक्षबाग, निफाडकडे. आप्पांनी आयुष्यभर पाठीवर पंप घेऊन फवारणी केली, तोंडाला फक्त उपरणं, तणनाशक बादलीत ओतायचं आणि उघड्या हातानंच काठी फिरवायची. त्यानंच झालं असं एका माणसाबद्दल कोणी ठामपणे सांगू शकत नाही. पण कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतला २००९ चा अभ्यास आहे, घरापासून ५०० मीटरच्या आत पॅराक्वाट हे तणनाशक आणि मॅनेब हे बुरशीनाशक, दोन्ही मारलं जायचं तिथे राहणाऱ्यांत धोका ७५ टक्के जास्त दिसला. युरोपियन युनियनमध्ये पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे. आपल्याकडे वापरलं जातं, आणि मला याचा मनापासून राग येतो.

म्हणून फवारताना ग्लोव्हज, मास्क, पूर्ण बाह्या, वाऱ्याकडे पाठ, घरी आल्या आल्या अंघोळ, कपडे वेगळे धुवायचे, आणि शक्य असेल तिथे तण खुरप्यानंच काढा ना. बाईकवर हेल्मेट घाला, डोक्याला जबर मार बसला तर पुढे हा धोका वाढलेला दिसतो. रोज दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो आणि झाल्यावरही व्यायाम उपयोगी पडतोच. हमखास टाळायचा उपाय मात्र आज नाही. वास जाणं, झोपेत हातपाय झाडणं, बारीक झालेलं अक्षर, यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा, आम्ही चार वर्षं घालवली.

आप्पांची गोळी आता जेवणाच्या अर्धा तास आधी असते. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, म्हणून पडवीत लाल टेपच्या आडव्या पट्ट्या लावल्यात, रोज सकाळी एकेक पट्टी ओलांडत, तोंडानं आकडे मोजत ते गोठ्यापर्यंत जातात.