जांभ्याच्या भिंतीआड यिगची फिल्म

(दृश्य: कौलांच्या पागोळ्या, ओली भिंत, प्रयोगशाळेचं दार)

जांभ्याला तांबूस रंग येतो तो लोखंडाच्या ऑक्साइडमुळे. भिंतीआड, स्टीलच्या चेंबरमध्ये फिरणाऱ्या या काळपट चकतीतही लोखंडाचाच ऑक्साइड आहे. फक्त दर 5 लोह-अणूंमागे 3 यिट्रियमचे, अगदी मोजून. हे यिट्रियम आयर्न गार्नेट, म्हणजेच यिग. लेझरने या चकतीची वाफ उडवून तिचा पातळ थर, म्हणजे फिल्म, बनवायची आहे. 1956 साली फ्रान्समध्ये बर्तो आणि फोरा यांनी ते पुढे आणलं. एकदा हललेलं चुंबकन, म्हणजे आतल्या चुंबकत्वाची दिशा, इतका वेळ डोलत ठेवणारा पदार्थ दुसरा नाही.

(दृश्य: चिमट्यात 5 मिलिमीटरचा चौकोन)

हा सबस्ट्रेट, म्हणजे फिल्म जिच्यावर चढते ती पाटी, गॅडोलिनियम गॅलियम गार्नेटचा. दिसतो काचेसारखा, पण सबंध एकच स्फटिक. याच्या अणूंच्या जाळीचं एक घर 1.238 नॅनोमीटरचं, यिगचं दहा हजारांत जेमतेम 6 भागांनी लहान. म्हणूनच वरचा थर खालच्या घडीवर बिनतक्रार बसतो. ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि मग चांदीच्या पेस्टने हीटरवर. पेस्ट सावकाश सुकवली नाही तर खाली बुडबुडा राहतो, तिथला सबस्ट्रेट कमी तापतो आणि तेवढ्या जागी फिल्म बिघडते.

(दृश्य: पंप, गेजचा काटा)

आषाढात खरी झुंज पाण्याशी. चेंबर उघडा राहिला की दमट हवेतलं पाणी स्टीलला चिकटून बसतं, आणि 10⁻⁶ मिलिबारची पोकळी गाठायला रात्र जाते. म्हणून चेंबर उघडताना आत सोडायचा तो कोरडा नायट्रोजन. लेझर थंड ठेवणाऱ्या चिलरचंही तेच. पावसात इथला दवबिंदू 24-25 अंशांवर असतो, एसी बंद पडला आणि पाणी 20 अंशांवर राहिलं, तर लेझरच्या पोटात घाम फुटतो.

(दृश्य: लुकलुकणारा प्लूम, म्हणजे वाफेचा झोत, संथ गतीत)

248 नॅनोमीटरचा लेझर, सेकंदाला 5 ते 10 ठोके. प्रत्येक ठोक्याला चकतीतून हा झोत उठतो आणि सुमारे 5 सेंटिमीटरवरच्या, 750 अंशांच्या सबस्ट्रेटपर्यंत जातो. ऑक्सिजनचा दाब असा धरायचा की झोताचं टोक तिथे फक्त टेकेल. फोकस फार टोकदार झाला तर वाफेबरोबर थेंबही उडतात, आणि फिल्मवर पुरळ उठतं. आणखी एक चोर म्हणजे लेझरची खिडकी. तिच्यावर आतून थर चढतो, मीटर बाहेर जुनाच आकडा दाखवतो आणि चकतीला ऊर्जा कमी मिळते. मोजायची ती खिडकीच्या आतल्या बाजूने.

100 नॅनोमीटर झाले की लेझर बंद, ऑक्सिजन चालू. थंड करायचं मिनिटाला 5 अंशांनी, त्याहून घाई नाही. ऑक्सिजन कमी पडला तर काही लोह-अणू दोन-प्रभारी होतात आणि चुंबकनाचं डोलणं लवकर थांबतं.

(दृश्य: चुंबकाच्या ध्रुवांमध्ये नमुना, पडद्यावर अरुंद खळगा)

10 गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हला अनुनाद 2800 ओर्स्टेडच्या चुंबकी क्षेत्राच्या आसपास; तिथे नमुना ऊर्जा शोषतो आणि पडद्यावर खळगा उमटतो. वारंवारता वाढवत या खळग्याची रुंदी मोजली की तिच्या चढावरून डॅम्पिंग, म्हणजे डोलणं किती लवकर विरतं ते, निघतं: चांगल्या यिग फिल्मचं 0.0001 च्या घरात, पर्मॅलॉय या निकेल-लोह मिश्रधातूचं 0.008 च्या आसपास. मायक्रोवेव्ह फिल्टर, चुंबकी लहरींवर चालणारी गणिती यंत्रं, सगळं यावरच उभं आहे.

(दृश्य: सिलिका जेलच्या डबीत नमुना, पाठीवर कोरलेला क्रमांक)

डबीचं झाकण लगेच लावायचं. बाहेर पाऊस आहे.