‘पडलो म्हणून लिवा’

(पडद्यावर: सकाळची ओपीडी. केसपेपरच्या खिडकीसमोर बायकांची रांग. चेहरे दिसत नाहीत, फक्त हात.)

बेळगावच्या दक्षिणेला, खानापूरच्या वाटेवरचं एक आरोग्य केंद्र. गावाचं नाव सांगत नाही. पुढे जी बाई दिसेल ती एकटी नाही. ओळख पटू नये म्हणून दोघी-तिघींचं सांगणं एकत्र केलंय.

उजवा हात ओढणीत बांधून ती आत येते. मागे नवरा. डॉक्टर कन्नडमधून विचारतात, कसं लागलं? ती नवऱ्याकडे बघते. नवरा सांगतो, ‘बिद्दाळ्री सर.’ पडलीय, साहेब. डॉक्टर मान हलवतात आणि केसपेपरवर इंग्रजीत तेच लिहितात. शेजारी सिस्टर उभी आहे. तिच्याकडे न बघता ही बाई हळूच मराठीत म्हणते, ‘न्हाणीत पडलो म्हणून लिवा.’

(आमच्या भागात बायकाही आलो, गेलो, पडलो म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना त्याचं हसू येतं.)

एक दुखापत, तीन भाषा, आणि तिन्ही भाषांत तेच खोटं. गंमत अशी, की चौथी साक्ष टेबलावर पडली होती आणि तिच्याकडे कुणी बघितलं नाही. एक्स-रे.

(पडद्यावर: एक्स-रेची काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरलेली.)

माणूस घसरून पडतो तेव्हा आपसूक तळहात टेकतो. मोडतं ते बहुतेक वेळा मनगटापाशी. पण कुणी काठी उगारली की हात डोक्यावर जातो, कोपरात वाकलेला. मग मार बसतो करंगळीच्या बाजूच्या हाडावर, मध्यावर. हिचं तेच हाड मोडलं होतं. त्यावरून लगेच निकाल देता येत नाही. पण निदान एक प्रश्न तरी पडायला हवा होता. दंडावर एक वळ पिवळा पडत आलेला आणि एक अजून काळानिळा. म्हणजे बहुधा दोन वेगवेगळ्या दिवसांचे. न्हाणीत माणूस दर आठवड्याला पडत नाही.

घरातल्या मारहाणीचं म्हटलं की आपल्याला पोलीस स्टेशन आठवतं, कोर्ट आठवतं. पण बाई तिथे पोचते ती फार उशिरा, आणि बहुतेक जणी पोचतच नाहीत. दवाखान्यात मात्र ती येते. हात मोडला म्हणून येते, दिवस गेले म्हणून येते, पोराच्या डोसाला येते, कंबर दुखते म्हणून येते. सासरच्या माणसांनी ‘कुठं निघालीस?’ म्हणून अडवू नये अशी जी मोजकी ठिकाणं आहेत, त्यांत माहेर नाही, पण दवाखाना आहे.

आकडा एकच सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत कर्नाटकातल्या 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी 44 टक्क्यांहून जास्त जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. सगळ्या राज्यांत हा आकडा सगळ्यात मोठा. आधीच्या फेरीत तो साधारण 21 होता. पलीकडे महाराष्ट्रात 25 च्या आसपास. लॉकडाउनवर खापर फोडायची सोय नाही, कारण कर्नाटकातली पाहणी 2019 सालीच आटोपली होती. मारहाण वाढली की ती बोलून दाखवणाऱ्या वाढल्या, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. पण विचारलं तर बायका सांगतात, एवढं त्यातून कळतं.

विचारतं कोण, आणि कुठल्या भाषेत, हा इकडचा खास घोळ.

(पडद्यावर: दवाखान्याच्या भिंतीवरचे कन्नड फलक. खाली बाकावर नऊवारीतली म्हातारी.)

सीमाभागात भाषेवरून मोर्चे निघाले, फलकांना काळं फासलं गेलं, खटला सुप्रीम कोर्टात आहे. त्या वादात आपण पडत नाही. पण तपासणीच्या खोलीत भाषेचा प्रश्न फार साधा होऊन बसतो. महाराष्ट्रातल्या चंदगडकडची पोरगी खानापूर तालुक्यात दिली. तिला कन्नड येत नाही. डॉक्टर विजापूर-बागलकोटकडचे, त्यांची मराठी जेमतेम. मग मधे बोलणारा कोण? नवरा. नाहीतर सासू. ज्यानं मारलं त्याच्याच तोंडून मार खाल्लेलीची तक्रार डॉक्टरांपर्यंत जाते. उलटंही आहेच. गोकाककडची कन्नड पोरगी मराठी घरात दिली, तर तिथे शेजारच्या मराठी बायकांना काय सांगणार ती?

जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 साली या विषयावर डॉक्टर-नर्ससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सरसकट प्रत्येकीला ‘नवरा मारतो का’ असं फॉर्म भरल्यासारखं विचारू नका, असं त्या सांगतात. खुणा दिसल्या, तक्रार आणि कारण जुळेना, तर विचारा. आणि विचारायचं ते एकटीला. दुभाषा घरचा नको.

एकटीला गाठायचं कसं, ते सिस्टर लोकांना पुस्तकावाचून माहीत असतं. ‘दादा, तुम्ही एवढी चिठ्ठी घेऊन औषधाच्या खिडकीवर जाऊन या.’ झालं. सात-आठ मिनिटं मिळाली. काही सिस्टर वजनकाट्याकडे नेतात, काही लघवी तपासायची म्हणून बाटली देऊन आतल्या बाजूला पाठवतात.

मुंबईत हे काम मांडून झालंय. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. हिंसा सोसणाऱ्या बाईला रुग्णालयातच, उपचाराचा भाग म्हणून आधार द्यायचा. पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही ही केंद्रं झाली. कर्नाटकात जिल्हा रुग्णालयांमधून ‘गेळती’ नावाचे कक्ष निघाले. गेळती म्हणजे मैत्रीण. केंद्र सरकारची एक-खिडकी योजना, म्हणजे अशा बायकांना सगळी मदत एकाच जागी, 2015 साली आली तिचं नाव ‘सखी’. अर्थ तोच. नावं ठेवताना सरकारला कधी कधी बरं सुचतं.

पण खेड्यातल्या केंद्रात ना गेळती, ना सखी. तिथे सिस्टर आणि आशा.

आणि सगळ्याच जणी मोडलेला हात घेऊन येत नाहीत. ‘डोकं दुखतंय’, ‘अंगावरनं पांढरं जातंय’, ‘झोप लागंना’, ‘जीव घाबराघुबरा होतोय’. रक्त तपासलं तर सगळं ठीक. गोळ्या दिल्या जातात, महिन्यानं ती परत दारात. केसपेपर जाडजूड होत जातो. अनुभवी सिस्टरला हा जाडजूड केसपेपर हीच पहिली खूण वाटते. गरोदरपणात तायी कार्डावर, म्हणजे आईच्या नोंदींच्या कार्डावर, वजन, बीपी, सगळं चढतं. घरात कसं चाललंय याला त्यावर रकाना नाही. रकाना नसला म्हणून विचारायचं राहू नये.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी म्हणून जरा थांबून सांगतो. गळा. ‘जरा नरडं धरलं हो, बाकी काय न्हाई’ असं बाई सहज सांगून जाते, कारण वळ दिसत नाही. आवाज घोगरा झालाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांच्या पांढऱ्यात बारीक लाल ठिपके आहेत का, हे बघायलाच हवं. बाहेर काही न दिसता आतली रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते आणि त्रास नंतर उसळू शकतो. गळा धरला होता म्हटलं की त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

(पडद्यावर: संध्याकाळ. रस्त्याकडेच्या दुकानाचं अर्धं उघडं शटर.)

‘पिऊन येतो म्हणून मारतो. शुद्धीत देवमाणूस आहे.’ हे वाक्य खानापुरात ऐकलं, निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांकडून ऐकलं, वडगावात मागाच्या खडखडाटात ऐकलं. चोर्ला घाटापलीकडे गोव्यात, तिथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन उपचारांची चाचणी झाली होती. निष्कर्ष 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. एकात जास्त पिणाऱ्या पुरुषांना प्रशिक्षित साध्या कार्यकर्त्यांनी समुपदेशन केलं. दारू सोडणारे वाढले. बायकांवरच्या हिंसेत मात्र फरक दिसला नाही. दुसऱ्यात तीव्र नैराश्याच्या रुग्णांना तसेच साधे कार्यकर्ते सहा ते आठ वेळा भेटले, दिवसभरातली छोटी छोटी कामं हळूहळू परत सुरू करायला मदत केली. नैराश्य उतरलंच, शिवाय त्यातल्या बायकांनी नवऱ्याकडून होणारी मारहाणही कमी झाल्याचं सांगितलं. एवढ्यावरून नियम काढू नये. पण बाटली फोडली की सगळं सुरळीत, हे गणित इतकं सोपं नाही, आणि बाईच्या मनावर उपचार करणं ही नंतर बघू म्हणायची गोष्ट नाही.

कारण मनावर उपचार झाले नाहीत की पुढचा केसपेपर असतो तो ‘औषध घेतलं’चा. औषध म्हणजे शेतात फवारायचं. पोट धुतात, जीव वाचतो, तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. का घेतलं, हे घरच्यांदेखत विचारलं जातं. पोलिसांच्या भीतीनं खोटं सांगायची गरज आता तरी राहू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशी व्यक्ती प्रचंड तणावाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, सरकारनं उपचार द्यायचे. सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस, 14416, फोन फुकट, मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही.

समुपदेशन म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतात देवळाच्या कट्ट्यावर बसलेली चार जाणती माणसं. दोघांना समोरासमोर बसवतात, ‘तू जरा हात आवर, तू जरा तोंड आवर’, आणि पोरीला नांदायला पाठवतात. हा उपचार नव्हे, मिटवामिटवी आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या 2006 च्या नियमांत समुपदेशनाबद्दल स्पष्ट आहे: ‘ती असं बोलली म्हणून मी मारलं’ ही सबब तिथे चालणार नाही. ज्याच्यासमोर बोलायची भीती त्याच्याच शेजारी बसवून बाईचं मन मोकळं होईल, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्या खुर्चीत बसावं.

त्याच नियमांत दवाखान्याबद्दलही आहे. तक्रार नोंदवली नाही म्हणून उपचार नाकारायचे नाहीत. तपासणीचा अहवाल बाईला फुकट द्यायचा. घटनेचा अहवाल आधी झालेला नसेल तर दवाखान्यानं तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. कर्नाटकात हे काम असतं तालुक्याच्या सीडीपीओंकडे, म्हणजे अंगणवाड्या बघणाऱ्या त्याच मॅडम. आणि सीमाभागातल्या बाईला उपयोगी पडणारं कलम 27: सीमेवरच्या शिनोळीपलीकडे माहेरी जाऊन राहिली तर अर्ज तिथल्या कोर्टातही करता येतो. आदेश साऱ्या देशात लागू. कायद्याला सीमाप्रश्न नाही.

बसला मात्र सीमाप्रश्न आहे. 2023 पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट. बेळगावला सिव्हिलला जायला नवऱ्याकडे हात पसरावा लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. पण आधार कार्डावर अजून चंदगडचाच पत्ता असेल तर कंडक्टर तिकीट फाडतो. लग्नाला चार वर्षं झाली तरी ‘पत्ता बदलू नंतर’ म्हणून सासरच्यांनी कार्ड कपाटात ठेवलेलं. कागद कुणाच्या ताब्यात आहेत, हेही सिस्टरनं विचारायला हवं.

(पडद्यावर: पुन्हा पहिलं आरोग्य केंद्र. प्लास्टर ओलं आहे.)

नवरा औषधाच्या खिडकीवर गेलाय. सिस्टर बागलकोटकडची, तिची मराठी अडखळत चालते. ‘अक्का, घरात कोण मारतंय काय?’

बाई काही बोलत नाही. सिस्टरही बोलत नाही. प्लास्टरच्या कडेचं चुन्यासारखं पाणी ती बोळ्यानं पुसत राहते. मग म्हणते, ‘मी इथं कुणाला सांगत नाही. लिहू नको म्हटलं तर लिहीत नाही.’

‘काठीनं मारलं. मागच्या महिन्यात बी.’

सिस्टर डॉक्टरांकडे जाते. केसपेपरवरचं आधीचं वाक्य एका रेघेनं खोडलं जातं, बाजूला सही होते, आणि खाली बाईचे शब्द येतात: नवऱ्याने काठीने मारल्याचे रुग्ण सांगते. हात डोक्यावर धरला होता.

‘ह्यो कागद मी घरी न्हेत न्हाई.’

‘नको नेऊ. झेरॉक्स काढून इथं ठेवते. बायकांच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ कर. एक-आठ-एक.’

‘एक-आठ-एक.’

बाहेर चपला वाजतात. नवरा गोळ्यांची पिशवी घेऊन दारात.

‘परत कधी यायचं?’ तो कन्नडमध्ये विचारतो.

सिस्टर काही बोलायच्या आधी बाईच उत्तर देते, मराठीत, जरा मोठ्यानं. ‘गुरुवारी. बारक्याचा डोस हाय. मी एकटीच येतो.’