डब्याचं स्टील आणि रॉकेटचा पत्रा

आमची आई भांड्यांच्या दुकानात जाताना पर्समध्ये एक छोटा लोहचुंबक टाकायची. दुकानदार "ताई, एक नंबर स्टील आहे हो" म्हणाला की ती काही न बोलता पातेल्याच्या बुडाला चुंबक लावायची, चिकटला की पातेलं परत फळीवर. तुम्हीपण करून बघा. चांगल्या 304 ग्रेडच्या स्टीलचं खोलगट भांडं घ्या, बुडाला चुंबक चिकटणार नाही, पण जिथे प्रेसमध्ये पत्रा जास्त ताणला गेलाय ना, म्हणजे काठाला, कोपऱ्याला, तिथे हलकीशी ओढ लागते. दुकानदाराने फसवलेलं नसतं. स्टील थंड असताना ताणलं की आतली अणूंची मांडणी थोडी बदलते, तो भाग जरा चुंबकीय होतो आणि मुख्य म्हणजे जास्त कडक होतो.

आता हा काठ लक्षात ठेवा, कारण याच गुणावर अमेरिकेने एक अख्खं रॉकेट उभं केलं होतं.

1950 च्या दशकातली गोष्ट. सॅन दिएगोमध्ये कॉन्व्हेअर कंपनीत कारेल बोसार्ट नावाचा बेल्जियममध्ये जन्मलेला इंजिनियर अ‍ॅटलास मिसाइलवर काम करत होता. तेव्हा रॉकेटपण विमानासारखंच बांधायचे, आत बरगड्या, आडव्या-उभ्या पट्ट्या, वर पत्रा. बोसार्टने सगळा सांगाडाच काढून टाकला. नुसता स्टेनलेस स्टीलचा पत्रा, 301 ग्रेडचा, थंडच लाटून लाटून कडक केलेला, जाडी कुठे पाव मिलिमीटर तर कुठे एक मिलिमीटर, आणि त्याचं तीन मीटर रुंदीचं नळकांडं. मग ते उभं कसं राहायचं? फुग्यासारखं. आत गॅसचं प्रेशर आहे तोवर ताठ, प्रेशर गेलं की स्वतःच्याच वजनाने बसणार. म्हणून रिकामं अ‍ॅटलास ट्रकवरून नेतानासुद्धा एकतर आत गॅस भरून ठेवायचे नाहीतर दोन्ही टोकांनी ताणून धरायचे.

बोसार्टने शंका घेणाऱ्या एका इंजिनियरला हातोडा दिला आणि सांगितलं मार टाकीवर, आणि म्हणे हातोडा उसळून परत आला, टाकीला पोचासुद्धा नाही. किस्सा तिखटमीठ लावून सांगितलेला असेल कदाचित, पण प्रेशरने ताणलेला पत्रा खरंच तसा वागतो. बंद कोल्ड्रिंकचा कॅन हाताने दाबून बघा, मग रिकामा करून दाबा.

या पत्र्याला रंग दिलेला नव्हता, कारण रंगाचंपण वजन असतं. पण इतका पातळ पत्रा की जरासुद्धा गंज परवडणार नाही, म्हणून त्यावर पाणी टिकू न देणारं एक तेल मारायचे. सॅन दिएगोच्याच एका छोट्या कंपनीने ते 1953 मध्ये बनवलं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नाव पडलं डब्ल्यूडी-40. हो, तोच निळा-पिवळा कॅन, जो आपण सायकलच्या चेनवर आणि कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागरीवर मारतो.

पण हे सगळं सुरळीत झालं असं नाही. 29 जुलै 1960 ला मर्क्युरीची, म्हणजे माणसाला अंतराळात न्यायच्या अमेरिकी मोहिमेची, खरीखुरी कॅप्सूल घेऊन उडालेलं पहिलं अ‍ॅटलास एका मिनिटाच्या आत हवेत तुटलं, आत माणूस नव्हता हे नशीब. मग पुढच्या उड्डाणात कॅप्सूलच्या खाली, जिथे पत्रा सगळ्यात पातळ होता, तिथे चक्क स्टीलचा पट्टा गुंडाळला. आणि 20 फेब्रुवारी 1962 ला जॉन ग्लेन याच अ‍ॅटलासवर बसून पृथ्वीभोवती फिरून आला. खाली रॉकेलसारखं इंधन, द्रवरूप ऑक्सिजन, आणि मध्ये हा असला पत्रा. आपण एसटीत खिडकी नीट लागत नाही म्हणून कुरकुर करतो.

दुसऱ्या वर्षी, 11 मे 1963 ला, कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावर उभं असलेलं एक अ‍ॅटलास इंधन भरता भरता प्रेशर गेल्यामुळे जागच्या जागी मुडपून खाली बसलं. त्याची फिल्म आहे. स्फोट वगैरे नाही सुरुवातीला, नुसतं ओल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखं खचतं.

पुढे बहुतेकांनी अ‍ॅल्युमिनियम धरलं. हलकं, कापायला सोपं. त्यात लिथियम मिसळून आणखी हलकं केलं, स्पेस शटलची मोठी नारिंगी टाकी 1998 मध्ये या मिश्रधातूची केली तर साधारण तीन टनांच्या वर वजन वाचलं. मग कार्बन फायबर आलं आणि सगळ्यांना वाटलं की आता झालंच. नासा आणि लॉकहीड मार्टिनचं एक्स-33 नावाचं यान होतं, त्याची हायड्रोजनची टाकी कार्बन फायबरची, भिंती मधमाशीच्या पोळ्यासारख्या पोकळ. नोव्हेंबर 1999 मधल्या चाचणीत थंडीने बारीक बारीक भेगा पडल्या, हायड्रोजन त्या पोकळ्यांमध्ये शिरला, आणि टाकी परत गरम होताना आतल्या गॅसने वरचा थर सोलून काढला. 2001 मध्ये प्रोजेक्ट बंद, नासाचे 90 कोटी डॉलरहून जास्त गेले. म्हणजे कार्बन फायबर वाईट असं अजिबात नाही, न्यूझीलंडहून उडणारं इलेक्ट्रॉन रॉकेट त्याचंच आहे आणि मस्त चालतं, पण ते छोटं रॉकेट आहे.

इलॉन मस्कच्या स्पेसएक्सनेसुद्धा, आज ज्याला स्टारशिप म्हणतात त्या मोठ्या रॉकेटसाठी, आधी कार्बन फायबरच धरलं होतं. 2016 मध्ये जाहीर केलं, 12 मीटर व्यासाची टाकी बनवून दाखवली, साचे आणले, आणि 2018 च्या शेवटी सगळं सोडून स्टील. मस्कने हिशोब सांगितला तो असा, कार्बन फायबर किलोला 135 डॉलर, त्यातलं 35 टक्के कापाकापीत वाया, म्हणजे धरा 200 पर्यंत, आणि स्टील किलोला 3 डॉलर. पण मला विचाराल तर पैसा हे अर्धंच कारण. द्रवरूप ऑक्सिजन उणे 183 डिग्रीला असतो, तिथे साधं लोखंड काचेसारखं ठिसूळ होतं आणि हे स्टेनलेस उलट जास्त मजबूत होतं. दुसरं टोक, परत येतानाची आग. शटलचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, ते 177 डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नाही म्हणून उष्णता अडवणाऱ्या एवढ्या टाइल्स चिकटवायचा उपद्व्याप. स्टील वितळतं चौदाशेच्या आसपास. आणि उघड्यावर, टेक्सासच्या समुद्राकाठी वारा खात वेल्डिंग करता येतं.

आधी 301, मग 304 एल. एल म्हणजे कार्बन कमी, वेल्डचा सांधा चांगला राहावा म्हणून. थोडक्यात आईच्या पातेल्याचा सख्खा भाऊ. व्यास 9 मीटर, पत्रा 4 मिलिमीटरच्या आसपास. कोल्ड्रिंकच्या कॅनएवढं लहान केलं ना हे रॉकेट, तर त्याचा पत्रा कॅनच्या पत्र्याच्या एक तृतीयांशच भरेल.

आणि मग तेच झालं. नोव्हेंबर 2019 ला पहिला नमुना प्रेशर टेस्टमध्ये फुटला, झाकण आकाशात. फेब्रुवारी 2020 ला दुसरा. आणि 3 एप्रिल 2020 ला एसएन-3 नावाचा नमुना, वरच्या टाकीत जड द्रव नायट्रोजन भरलेला आणि खालच्या टाकीतलं प्रेशर गेलं, ती मुडपून बसली. 1963 ची फिल्म आणि ही फिल्म शेजारी शेजारी लावून बघा. पण फरक असा की तोपर्यंत पुढच्या नमुन्याच्या रिंगा बाजूला वेल्ड होत होत्या, आणि त्याच महिन्यात एसएन-4 थंडीच्या टेस्टमध्ये पास झाला.

आता तुम्ही म्हणाल, इस्रोचं काय. आपल्या पीएसएलव्हीचा पहिला टप्पापण स्टीलचाच, पण वेगळ्या जातीचा, मॅरेजिंग स्टील. निकेल 18 टक्के, कार्बन जवळजवळ नाहीच. कुंभार कसा मडकं ओलं असताना घडवतो आणि मग भट्टीत घालतो, तसं हे मऊ असताना लाटायचं, वेल्ड करायचं, आणि मग 480 डिग्रीला काही तास भाजायचं की एकदम टणक. त्याची नळकांडी पवईत बनली आहेत, आणि इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरलासुद्धा, जिथे आधी साखर कारखान्यांची यंत्रं बनायची. उसाच्या गावात रॉकेटचा पत्रा, याच्यावर कधीतरी वेगळा व्हिडिओ करायचाय.

स्टीलची खरी अडचण वजनाची आहे, ती लपवून उपयोग नाही. एप्रिल 2024 मध्ये मस्कनेच सांगितलं की तेव्हाचं स्टारशिप 40-50 टनच वर नेऊ शकतं, ठरवलं होतं शंभर.

आणि मग 6 जून 2024, चौथं उड्डाण. हिंदी महासागरावर स्टारशिप परत येतंय, कॅमेरा एका फ्लॅपवर, म्हणजे यानाला वळवणाऱ्या हलत्या पंखावर. बिजागरीच्या फटीतून प्लाझ्मा, म्हणजे प्रचंड तापलेला वायू, आत शिरतो, कड लाल होते, मग पिवळी, मग तुकडे उडायला लागतात. कॅमेऱ्याची काच तडकते, समोर नीट काही दिसत नाही, नुसत्या ठिणग्या. बघणाऱ्याला वाटतं, गेलं. खाली पाणी जवळ आलेलं, यानाला आडव्याचं उभं व्हायचंय, त्यासाठी हाच फ्लॅप लागणार. तडकलेल्या काचेमागे तो जळका सांगाडा दिसतो. आणि तो हलतो.