लाभ, दोन, तीन...

नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, जिथं कुठं हा आवाज पोचतोय तिथल्या सगळ्या आई-आज्ज्यांना नमस्कार, आणि बाबा-आजोबांनाही. नागपंचमी तोंडावर आलीय. लाह्यांचा जोंधळा निवडायला बसला असाल. हात चालू ठेवा, कान तेवढा इकडं द्या.

आज बोलायचंय पोरांच्या गणिताबद्दल आणि तालाबद्दल. ही दोन्ही आपल्या स्वयंपाकघरात शेजारी-शेजारी असतात. कशी, ते सांगायला माझ्या आईची आणि माझ्या मुलीची गोष्ट सांगते.

मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तबला शिकायला लागून चार महिने झाले होते. तीनताल तोंडपाठ, पण हातावर धरायला सांगितला की नवव्या मात्रेला अडायची. तीनतालाच्या मात्रा, म्हणजे मोजायचे ठोके, १६, चार-चारचे चार खंड. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्याला टाळी नाही, हात नुसता बाजूला करायचा, तिला म्हणतात खाली. नववी मात्रा, खाली. नेमकी तिथंच हिची टाळी पडायची. आणि शाळेत अर्धं-पाऊण आलं की डोळ्यांत पाणी.

पंचमीला आम्ही खानापूर तालुक्यात आईकडं गेलो. आईनं लाह्यांसाठी पायलीभर, म्हणजे चार शेर, जोंधळा काढायला घेतला. चार घरी वाटायच्या असतात. शेर शेजारी कुणीतरी नेलेला, म्हणून ती चिपट्यानंच, पाव शेराच्या मापानं, मापत बसली. पितळेचं जुनं चिपटं, कड एका अंगाला चेपलेली. पोत्यात घालून भरायचं, तळहातानं शीग पुसायची, परातीत ओतायचं. भरलं, पुसलं, ओतलं. तोंडानं मोजणं चालू: लाभ, दोन, तीन, चार. आपल्याकडं धान्य मापताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. चार झाले की म्हणायची, "हा एक शेर." परत पाच, सहा, सात, आठ.

आठ झाली आणि आईनं हात थांबवला. "ही अधोली," म्हणाली, आणि तळहाताला चिकटलेला कोंडा उडवायला हात रिकामाच बाजूला झटकला. पोरगी जागची उठली.

"आज्जी, खाली!"

"खाली कुठलं गं? पोतं भरलंय की!"

मुलीनं तिला सगळं परत पोत्यात ओतायला लावलं. पहिल्यापासून मोज म्हणाली. माझ्या आईनं हूं की चूं न करता ओतलं. नातीपुढं माणूस किती मऊ होतं ते तुम्ही जाणताच. मग मुलगी समोर मांडी घालून बसली. लाभला टाळी. पाचला टाळी. नवव्याला हात बाजूला. तेराला टाळी. परातीत जोंधळा पडल्याचा सर्र आवाज, आणि त्या प्रत्येक सर्रवर एक मात्रा. एकदाही चुकली नाही.

सोळावं चिपटं ओतून झालं. मुलगी म्हणाली, "आज्जी, आता सतरा?"

"सतरा कशाला? पायली झाली. आता परत लाभ."

मुलीनं अशी टाळी दिली की दारातली कोंबडी उडाली. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, परत कशी येते, आवर्तन, म्हणजे तालाचा पुरा फेरा, कसं फिरतं, हे मी तिला चार महिने सांगत होते. माझ्या आईनं तर सम हा शब्दसुद्धा ऐकलेला नव्हता.

आता मापं सांगते, ऐकून ठेवा. दोन निळव्यांचं कोळवं. दोन कोळव्यांचं चिपटं. दोन चिपट्यांचं मापटं. दोन मापट्यांचा शेर. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. सगळं दुप्पट, दुप्पट. तुमच्या गावात पायलीचा हिशेब वेगळा असेल तर तुमचा धरा. आमच्या पायलीत चिपटी १६, कोळवी ३२, निळवी ६४. तालातही तेच. एका मात्रेत तबल्याचे दोन बोल, धा, धिं असे, वाजवले की दुगुण, चार वाजवले की चौगुण. मात्रा १६च, बोल ३२, मग ६४. परत सांगते: पायली तेवढीच, माप लहान. म्हणून म्हणते, घरातली जुनी मापं मोडीत घालू नका.

भाकरी करतानाही जमतं. एका भाकरीला पाऊण वाटी पीठ, तर चार भाकरींना किती? एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. ही पाऊणकी, पाऊणचा पाढा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा यांचे असे पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, आपल्या आजोबांना पाठ होत्या, आणि त्या शाळांतून गेल्या हे फार वाईट झालं, असं माझं ठाम मत आहे. शिवाय आपल्या पोरांनी हे ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु असंही मोजावं. कानडीत इप्पत्तोंदु म्हणजे आधी वीस, मग एक. मराठीत एकवीस, आधी एक, मग वीस. दोन्ही येणारं पोर आकड्याला दोन्हीकडून ओळखतं.

आणखी एक मनात आहे ते बोलते. इथं जवळ सुळेभावीला १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. आपण अभिमानानं सांगतो. पण घरात पोरानं ताटावर ठेका धरला की "बंद कर ती कटकट" म्हणून ओरडतो. हे मला पटत नाही. वाजवू दे की.

तर लाह्या. पाणी मारून झाकून ठेवलेला जोंधळा तापल्या कढईत पडला की पोराला डोळे मिटायला सांगा. आधी एक तड. मग थांबून दुसरी. मग लय वाढते, दुगुण, चौगुण, मग मोजताच येत नाही, आणि हळूहळू परत विरळ. कानडीत लाहीला अरळु म्हणतात, आणि अरळु म्हणजे उमलणंही. कढई कधी उतरायची ते पोरालाच कानानं ठरवू द्या. दोन तडांच्या मध्ये त्याचे चार आकडे मोजून झाले, की त्यानं सांगायचं आणि तुम्ही उतरायची. कढईला हात मात्र मोठ्यांचाच.

नमस्कार.