अंक निघेल तेव्हा

(दृश्य : जुन्या ग्रंथालयातलं लोखंडी कपाट. टेबलावर उघडलेली नोंदवही.)

ही एका ग्रंथालयाची आवक-नोंदवही. डावीकडे नियतकालिकांची नावं, पुढे बारा महिन्यांचे बारा रकाने. नावाजलेल्या मासिकांसमोर बाराही महिने खुणा. पण पानाच्या तळाशी काही नावं वेगळीच वागतात. एक खूण, मग तीन रकाने कोरे. मग दोन महिन्यांना मिळून एकच कंस, म्हणजे जोडअंक. पुन्हा कोरं. त्या कोऱ्या जागांवर कुणीतरी लाल पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, 'गहाळ'.

आम्हालाही आधी तसंच वाटलं. वाळवी लागली असेल, कुणी नेऊन परत दिले नसतील. दोन दुपारी त्या कपाटासमोर काढल्यावर उलगडा झाला. यातले बरेच अंक गहाळ झालेच नव्हते. ते निघालेच नव्हते.

इंग्रजीत या प्रकाराला 'लिटल मॅगझिन' म्हणतात. मराठीनं त्याच्या आकाराकडे पाहिलं नाही, वेळापत्रकाकडे पाहिलं आणि नाव दिलं, अनियतकालिक. जमेल तेव्हा निघणारं. हे नाव ज्यानं रूढ केलं, त्यानं छापखान्याचं बिल कधीतरी स्वतःच्या खिशातून भरलेलं असणार.

(दृश्य : परळ. जुन्या चाळींचे जिने, मागे नवे टॉवर.)

शब्द नंतरचा, पण गोष्ट जुनी. पुण्यात १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढलं. पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईला आणून चालवलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, पुण्यातच, शिवराम जानबा कांबळे 'सोमवंशीय मित्र' काढत होते. मुलगी खंडोबाला वाहून मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध त्यांनी त्यातून मोहीम चालवली, आणि खुद्द एका मुरळीचं पत्र छापलं. मुरळीविषयी लिहिणारे पुष्कळ होते. मुरळीनं लिहिलेलं छापणारा कागद मात्र शोधावा लागत होता.

मग शनिवार, ३१ जानेवारी १९२०. परळच्या पोयबावडीतून एक पाक्षिक बाहेर पडलं, 'मूकनायक'. माथ्यावर तुकोबा : 'काय करूं आतां धरूनियां भीड, निःशंक हें तोंड वाजविलें.'

संपादक म्हणून नाव होतं पांडुरंग नंदराम भटकरांचं. लिहिणारा हात भीमराव आंबेडकरांचा. ते तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, सरकारी नोकरीत. उघडपणे वृत्तपत्र चालवण्याची सोय नव्हती. पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न पहिल्या अंकाच्याही आधीचा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. पत्र निघाल्याचं लोकांना कळावं म्हणून 'केसरी'कडे जाहिरात पाठवली. फुकट नव्हे, पैसे मोजून. तीही नाकारली गेली. त्या वेळी टिळक हयात होते.

पहिल्याच अंकात आंबेडकरांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि मजल्यांना जोडणारी शिडी कुठेच नाही. ज्या मजल्यावर जन्मलात त्याच मजल्यावर मरायचं. शंभर वर्षं ही उपमा भाषणांतून फिरते आहे. ती पहिल्यांदा छापून आली ती अशा एका पाक्षिकात, ज्याची साधी जाहिरातही पैसे देऊन छापून मिळत नव्हती.

जुलै १९२० मध्ये आंबेडकर शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. मागे ज्ञानदेव घोलपांनी पत्र काही काळ ओढलं. तीन-साडेतीन वर्षांत 'मूकनायक' थांबलं.

(दृश्य : 'बहिष्कृत भारत'चं पान. कॅमेरा एका रकान्यावरून दुसऱ्यावर, संथ.)

३ एप्रिल १९२७. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला पुरते पंधरा दिवसही झालेले नव्हते. 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. या वेळी संपादक म्हणून स्वतः बाबासाहेब.

हे रकाने नीट बघा. बारीक टाइप, चित्र नाही, जाहिरात जवळजवळ नाही. असे चोवीस-चोवीस रकाने त्यांनी एकट्यानं भरले. पगारी मदतनीस ठेवायला पैसे नव्हते, आणि या पत्रातून त्यांनी स्वतःसाठीही काही घेतलं नाही. दिवसा कोर्ट, संध्याकाळी सभा आणि भेटायला आलेली माणसं, रात्री अग्रलेख. हा सगळा हिशेब त्यांनी याच पत्रात मांडला आणि वाचकांना सरळ विचारलं की या पत्राचं ऋण तुम्ही मानता की नाही. आजच्या भाषेत आपण याला निधीसाठी आवाहन म्हणू. मला मात्र ते वाचताना थकलेल्या घरधन्याचा आवाज ऐकू येतो.

वर्गणीदार कमी होते, यात नवल काय? ज्यांच्यासाठी पत्र होतं त्यांच्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबणारी माणसं. एक जण वाचणार, दहा जण ऐकणार. चाळीच्या व्हरांड्यात कंदिलाखाली शाळकरी पोरगं अडखळत वाचतंय, जोडाक्षर आलं की थांबतंय, आणि म्हातारा म्हणतोय, 'पुढं वाच, कळलं आम्हाला.' अशा अंकाचा खप मोजायचा कसा? वर्गणीच्या वहीत तो एकच भरतो.

नोव्हेंबर १९२९ मध्ये 'बहिष्कृत भारत' बंद पडलं. पुढच्याच वर्षी 'जनता' निघालं, १९५६ मध्ये त्याचंच 'प्रबुद्ध भारत' झालं. एक मिटलं की दुसरं, तेच वाचक, तोच प्रश्न.

(दृश्य : सायक्लोस्टाइल यंत्राचा दांडा फिरतो. खर्रर्र, खर्रर्र.)

आता हा आवाज. पन्नाशीच्या आतल्या प्रेक्षकांनी बहुधा ऐकला नसेल.

छापखान्यात जायचं तर खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारा कंपोझिटर हवा. मराठीत काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो घरांची पेटी. लहान छापखान्याकडे खिळेही मोजकेच. तुमची चार पानं जुळवून ठेवली आणि प्रूफ तपासायला तुम्ही आठवडा लावलात, की मालकाचे खिळे अडकून पडणार. मग तो निरोप धाडणार, 'प्रूफ पाठवा नाहीतर पान मोडतो.' पैसे थकले असतील तर निरोपाचा सूर आणखी निराळा.

यातून सुटका सायक्लोस्टाइलनं केली. मेण चढवलेला पातळ कागद, म्हणजे स्टेन्सिल. टंकलेखन यंत्राची रिबन बाजूला करून नुसत्या अक्षरांनी तो टोचायचा. देवनागरी टंकलेखन यंत्र मिळालं नाही, तर लोखंडी टोकाच्या लेखणीनं हातानं लिहायचं. इथे मराठीची एक खोड आडवी येते. शिरोरेघ. सवयीनं जोरात ओढलीत की सुरीनं कापावा तसा स्टेन्सिल आडवा फाटतो. म्हणून तुटक तुटक रेघ द्यायची. चूक झाली की वरून गुलाबी द्रव लावायचा, फुंकर मारायची, वाळेपर्यंत थांबायचं. मग रोळावर स्टेन्सिल चढवून दांडा फिरवायचा. पहिल्या प्रती शाईनं बरबटलेल्या, मधल्या छान, शेवटच्या फिक्या. तुमच्या हाती कुठली येईल ते नशिबावर. काही शे प्रती निघाल्या की स्टेन्सिल संपला.

१९५५ च्या आसपास मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या तरुणांनी 'शब्द' काढलं ते याच पद्धतीनं. साठच्या दशकात अशोक शहाण्यांचं 'असो' आलं. प्रस्थापित मासिकांच्या सोवळ्याला कंटाळलेली ही मंडळी. त्यांनी मराठी कवितेला मोकळं केलं, यात वाद नाही. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. यातले बहुतेक जण साहित्याच्या घराशी भांडत होते, आणि भांडायला आधी त्या घरात असावं लागतं. घराच्या बाहेरच ज्यांना ठेवलं होतं त्यांनी हाच दांडा आपल्या हातात घेतला, तेव्हा भांडणाचा विषयच बदलला. राजा ढाल्यांचे 'येरू' आणि 'विद्रोह', बाबुराव बागुलांचं 'आम्ही'. नुसती नावं मोठ्यानं म्हणून बघा. 'आम्ही' या एका शब्दाचं मासिक होऊ शकतं, हे कुणाला सुचलं असतं?

(दृश्य : औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. नागसेनवन. मिलिंद महाविद्यालयाची दगडी इमारत.)

मुंबईतल्या हालचालीची चर्चा पुष्कळ झाली. इथली कमी झाली, म्हणून इथे जरा थांबू.

बाबासाहेबांनी १९५० साली मराठवाड्यात महाविद्यालय उघडलं, ज्याचं नाव पुढे मिलिंद झालं. काल-परवापर्यंत निजामाचा मुलूख. खेड्यापाड्यांतून मुलं येत होती, बरीचशी घरातली पहिलीच शिकणारी. वसतिगृहात राहायची, कविता लिहायची, आणि त्या पाठवायच्या कुठे हे त्यांना ठाऊक नव्हतं. 'येसकर पाळी' म्हणजे महारांच्या घरांकडे आळीपाळीनं येणारं गावकीचं काम, हे पुण्या-मुंबईच्या संपादकांना तळटीप देऊन सांगावं लागायचं.

नागपूरहून आलेले गंगाधर पानतावणे इथे मराठी शिकवत. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी त्रैमासिक सुरू केलं. आधी 'अस्मिता', लगेच पुढे 'अस्मितादर्श'. तळटीप नको असलेलं. प्राध्यापकाचा पगार, घरचं टेबल, आणि टपालानं येणारी बाडं. शुद्धलेखन यथातथा, कागद वहीतून फाडलेला, पण आतली गोष्ट दुसऱ्या कुणाकडेच नाही, अशी. संपादकानं परत पाठवलेल्या लेखाबरोबर पत्र असायचं. लेखक-वाचक मेळावे भरले, गावोगावी. पहिली कविता 'अस्मितादर्श'मध्ये आली, असं सांगणारे पुढे प्राध्यापक झाले, संपादक झाले, संमेलनांच्या व्यासपीठांवर बसले.

आणि हे चाललं किती? जवळजवळ पन्नास वर्षं. अनियतकालिकांच्या हिशेबात हे आक्रीतच म्हणायचं. २०१८ च्या जानेवारीत पानतावण्यांना पद्मश्री जाहीर झाली, मार्चमध्ये ते गेले. दलित साहित्य हा शब्द आज विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आहे. त्याचा पाठीचा कणा अशा त्रैमासिकांच्या शिवणीत आहे. दोन पिना, कधी गंजलेल्या.

(दृश्य : टपाल कार्यालयाची खिडकी. वजनकाटा.)

शेवटचा टप्पा नेहमी हाच. अंक छापून झाला तरी तो वाचकाच्या दारात पोचायचाय. घडी घालायची, कागदाची पट्टी गुंडाळायची, डिंक लावायचा, पत्ता हातानं लिहायचा. हे काम बहुधा घरच्यांनी केलं, आणि त्यांची नावं संपादक मंडळात नसतात.

टपालाचा एक नियम या लोकांना पाठ असे. बुकपोस्टनं पाठवायचं तर पुडक्याची टोकं उघडी ठेवायची, म्हणजे आत काय आहे ते टपालवाल्याला पाहता येतं. उघडं ठेवलं तर स्वस्त. बंद पाकीट केलं तर पत्राचा पुरा दर. म्हणून 'अस्मितादर्श'सारखे अंक उघड्या टोकांनीच गावोगाव गेले. पोस्टमननं वाचले, सरपंचाच्या ओट्यावर पडून राहिले, आणि त्यातही एक मजा होती. ज्यानं वाचू नये असं कुणी नव्हतं.

पण १९९० साली मुंबईतून आणखी एक अंक निघू लागला, 'बॉम्बे दोस्त'. पत्रकार अशोक राव कवींनी सुरू केलेलं, समलिंगी माणसांचं नियतकालिक. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ लागू होतं, आणि मधली काही वर्षं सोडली तर आणखी अठ्ठावीस वर्षं लागू राहणार होतं. त्याचा वाचक लहान गावातही होता. एकत्र कुटुंबात, लग्न ठरलेला, कधी झालेला. व्हरांड्यात दहा जणांना ऐकवायचा हा अंक नव्हता. तो एकट्यानं, दार लावून वाचायचा आणि गादीखाली ठेवायचा. पत्त्याच्या जागी पूर्ण नाव लिहायचं की नाही, इथपासून विचार.

असा अंक खाकी कागदात येतो. खिडकीवर काय बोलणं होत असेल, त्याची नुसती कल्पना करा.

'आत काय?'

'मासिक.'

'मग टोकं उघडी ठेवा की. निम्म्याहून कमी पैशांत जाईल.'

'नको. बंदच जाऊ द्या.'