उंचीवरून उतरणारी पानगळ

(पहाट. कड्यावरून दिसणारी दरी. टाइमलॅप्स.)

दरी धुक्याने काठोकाठ भरली आहे आणि वर आपण स्वच्छ उन्हात. पानगळीच्या दिवसांत डोंगरात हे वरचेवर दिसतं. आभाळ निरभ्र, रात्र लांबलेली. जमिनीची ऊब भराभर निघून जाते. जमिनीला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून ओघळत तळाशी साचते. एरवी वर जावं तसं गार होत जातं, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी. अशा सकाळी काही तास हिशेब उलटा. पायथ्याशी हुडहुडी भरलेली असते आणि वर पोचता पोचता जाकीट कमरेला बांधावं लागतं. ऊन चढलं, जमीन तापली की धुकं विरतं. पडद्यावर हे 20 सेकंदांत झालं, प्रत्यक्षात दहा वाजून गेले होते.

(खळग्यातलं गवत. गोठलेलं दव.)

पहिला बर्फ माथ्यावर पडतो असं वाटतं, पण पहिलं दव गोठतं ते बहुधा अशा खळग्यात. पात्याच्या कडेकडेने उगवलेले हे काटे बघा. बोट लावलं की गेले.

(ड्रोन. पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकच उतार.)

या शॉटसाठीच अख्खी फिल्म केली म्हटलं तरी चालेल. तळाशी झाडं हिरवीगार, मध्यावर पिवळी-तांबूस, वर जवळपास ओकीबोकी. उतार एक, दिवस एक. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉपकिन्स यांनी 1918 मध्ये याचा ठोकताळा मांडला होता. वसंतात दर 400 फूट चढलं की बहर साधारण चार दिवस मागे पडतो. पानगळीत क्रम फिरतो, वरची झाडं आधी रंगतात. उताराचं तोंड कुठे, माती कशी, झाड कोणतं, यावर आकडे बरेच हलतात. तरी चालणाऱ्याला ते पटतात, कारण 3000 फुटांच्या चढात महिना मागे पडलेला डोळ्यांना दिसतो. उत्तर गोलार्धात 22-23 सप्टेंबरला, दक्षिणेत मार्चमध्ये शरद सुरू झाला असं दिनदर्शिका सांगते. मी निघण्याआधी विचारतो ते एवढंच, की सध्या रंग किती उंचीवर आहे.

(मेपलची पानं, उन्हाच्या विरुद्ध बाजूने.)

पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच, हरितद्रव्याने झाकलेला. ऊन आणि ऊब कमी झाली की झाड नवं हरितद्रव्य बनवेनासं होतं, असलेलं मोडत जातं आणि पिवळा उघडा पडतो. लाल मात्र याच दिवसांत नव्याने तयार होतो, पानात राहून गेलेल्या साखरेपासून. दिवसा लख्ख ऊन, रात्री गारठा पण गोठवणारा नाही, असे दिवस मिळाले तर लाली चढते. ढगाळ आणि कोमट गेले तर तेच झाड फिकं राहतं. मागच्या वर्षीचा फोटो बघून आलेली मंडळी मग हिरमुसतात.

(क्लोजअप. देठ आणि फांदीचा सांधा.)

माझा जीव या सांध्यात अडकलेला असतो, म्हणून हा शॉट जरा लांबला आहे. इथे पेशींचा एक पातळ थर हळूहळू सैल होत जातो. त्याआधी झाडाने पानातलं नत्र आणि स्फुरद परत ओढून घेतलेलं असतं, साधारण निम्मं तरी. फांदीच्या बाजूने बुचाचा थर धरतो आणि तोंड बंद होतं. पान पडल्यावर उरलेली ही नखाएवढी खूण. तिच्यातले बारीक ठिपके म्हणजे पानात पाणी नेणाऱ्या नळ्यांची तोंडं. खुणेच्या लगेच वर टेकलेली कळी पुढच्या वर्षीची आहे आणि ती उन्हाळ्यातच तयार झाली होती. वारा शेवटचा धक्का तेवढा देतो, तयारी झाडाची कित्येक आठवड्यांची. सगळीच झाडं ही तयारी पुरी करतात असंही नाही. कोवळे बीच आणि ओक वाळली पानं हिवाळाभर अंगावर धरून ठेवतात. आत्ता ऐकू येतेय ती खडखड त्यांचीच. लार्च तर सूचिपर्णी असून सोनेरी होतो आणि सगळ्या सुया झाडून मोकळा होतो.

हवा तापत चालल्याने बऱ्याच भागांत पानं उशिरा रंगू लागली आहेत, तेही सांगून ठेवतो.

(पाचोळ्याची वाट. बूट.)

रंगाची गर्दी ओसरली की मला इथे यायला आवडतं. पानं गेली की फांद्यांमधून पलीकडची डोंगररांग दिसू लागते. उन्हाळ्यात याच वाटेवरून ती औषधालाही दिसत नाही. पाचोळा कॅमेऱ्यात देखणा, पायाखाली दगाबाज. ओल्या पानांखाली दगड आहे, मूळ आहे की खड्डा, पाय टाकल्यावरच कळतं. चढताना घामाने भिजलेला शर्ट माथ्यावरच्या वाऱ्यात गार पडतो, म्हणून विसाव्याला बसण्याआधी कोरडा शर्ट घालायचा. भूक लागली असली तरी आधी शर्ट.

(उतरण. तिरपं ऊन.)

दिवस सर्वांत वेगाने लहान होतो तो विषुवदिनाच्या आसपास. 45 अंश अक्षांशावर रोज तीन मिनिटांहून थोडा जास्त, म्हणजे आठवड्याला वीसेक मिनिटं, आणि त्यातली निम्मी तरी संध्याकाळची. उन्हाळ्यात रमतगमत संपलेली वाट आता अंधारात संपते. डोक्याला बॅटरी उजेड असतानाच बांधली आहे ती त्यासाठी. माथा गाठो न गाठो, परत फिरण्याची वेळ ठरलेली. आज ती दोनची होती, पुढच्या आठवड्यात पावणेदोन धरू.